हॅम्लेट वांचला असता तर

गेल्या श्रावणांत जिंतुरास एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. चारठाण्याचीं जुनीं देवळें व नेमगिरीचीं लेणीं पाहण्याचा बेत होता. पण पावसाची झड लागल्यामुळें तो बाजूस राहिला, आणि संध्याकाळ झाली कीं ओसरीवर वाचन सुरू होई. स्नेह्यांच्या संग्रहांत आगरकरांचें 'विकारविलसित' होतें. हॅम्लेटचें हें भाषांतर १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. आतां तें फारसें कोणी उघडीत नाहीं. आम्हीं तें दोन बैठकींत मोठ्यानें वाचून काढलें. ऐकणारांमध्यें जिंतूर व परभणी येथील कोर्टांतून आयुष्यभर वकिली केलेले एक वृद्ध गृहस्थ होते. शेवटचें प्रेत पडलें, पुस्तक मिटलें, आणि भाषांतराच्या गुणदोषांकडे आम्ही वळणार तोंच ते म्हणाले, "तें सगळें ठीक आहे हो, पण हा राजपुत्र आणि तो लेअर्टीस, दोघेही वांचले असते तर कोर्टानें या राजपुत्राला कोणाच्या हवालीं केलें असतें?"

आम्ही हंसलों. वकिलांस सर्वत्र कोर्टच दिसतें, असें कोणी तरी म्हणालेंही. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न पुनःपुन्हा वर येऊं लागला. नाटक मनांत फिरून वाचीत गेलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न वकिलांचा नसून शेक्सपिअरचाच आहे. त्यानें तो स्पष्ट विचारला आहे, आणि त्याचें उत्तर देण्याची वेळ येण्यापूर्वीं सर्व पात्रें मारून टाकलीं आहेत.

पांचव्या अंकांत द्वंद्वास आरंभ होण्यापूर्वीं हॅम्लेट लेअर्टीसाची क्षमा मागतो. पडद्याआड लपलेला पोलोनियस, म्हणजे लेअर्टीसाचा बाप, तिसऱ्या अंकांत त्याच्या हातून मेलेला असतो. हॅम्लेटच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा कीं, हा अपराध माझा नव्हे, माझ्या वेडाचा आहे; आणि तें वेड माझेंही वैरी असल्यामुळें, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या पंक्तींत मीही बसतों. ज्यानें वेडाचें सोंग घेण्याचा बेत आरंभींच बोलून दाखविला होता, त्यानें शेवटीं वेडाचाच आधार घ्यावा, हें प्रामाणिकपणाचें कीं धूर्तपणाचें, यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. तो वाद येथें नको. माझें लक्ष वेधलें तें लेअर्टीसाच्या उत्तरानें. तो म्हणतो कीं, पुत्र या नात्यानें माझ्या मनाचें समाधान झालें. परंतु मानाचा जो प्रश्न आहे तो जाणत्या व नांवलौकिकाच्या वडीलधाऱ्यांनीं निवाडा देईपर्यंत मिटला असें मी मानणार नाहीं. हें बोलतांना त्याच्या मनांत कपट आहे व हातीं येणाऱ्या तलवारीस विष लागलेलें आहे, हें खरें. तरी कपटी माणसाच्याही तोंडीं नाटककारानें जें घातलें आहे तें रास्त आहे. मारणारा म्हणतो कीं मी शुद्धीवर नव्हतों. मेलेल्याचा मुलगा म्हणतो कीं तें मला पटतें, पण ठरविणारे तिऱ्हाईत असावेत. वडीलधाऱ्यांचें तें मंडळ मात्र बसतच नाहीं. अर्ध्या घटकेंत दोघेही मरतात आणि प्रश्न त्यांच्याबरोबर पुरला जातो.

या नाटकांत वेड्या अपराध्याविषयीं एक निर्णय मात्र प्रत्यक्ष झालेला आहे, आणि तो क्लॉडियस राजाचा आहे. पोलोनियसाचा खून होतांच राजा हॅम्लेटास तांतडीनें इंग्लंडास धाडतो. लोकांत कारण सांगितलें जातें तें त्याच्याच सुरक्षिततेचें. बरोबर दिलेल्या मोहोरबंद पत्रांत लिहिलेलें असतें कीं, पोंचतांच त्याचा शिरच्छेद करावा. निर्णय देणारा स्वतःच प्रकरणांत गुंतलेला. ज्याच्याविषयीं निर्णय व्हावयाचा त्याचें म्हणणें कोणी ऐकलेलें नाहीं. सांगितलेलें कारण एक आणि लिहिलेलें दुसरें. इकडे मेलेल्याचें दफनही घाईघाईनें, मानपानावांचून उरकलेलें, त्यामुळें त्याच्या मुलास बाप कसा गेला हेंही धड कळत नाहीं; तो बंड करून राजवाड्यांत शिरतो, तेव्हां त्याच्या बोलण्यांत हीच तक्रार आहे. पांचव्या अंकांतला कबर खणणारा थट्टेनें म्हणतो कीं, राजपुत्र वेडा म्हणून इंग्लंडास गेला, आणि तेथें तो बरा झाला नाहीं तरी कांहीं बिघडत नाहीं. या थट्टेंत एक कटु सत्य आहे. वेड्यास दूर धाडला कीं तो बरा झाला कीं नाहीं हें पाहणें आपलें काम राहत नाहीं, ही समजूत डेन्मार्कच्या राजवाड्याबाहेरही फार पसरलेली आहे.

ज्यांनीं हें नाटक मराठींत आणलें त्यांच्याही चरित्रांत अशा एका बंद दाराचा संबंध येतो, हा योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कोल्हापूरचे चवथे शिवाजी महाराज यांच्या मनावर परिणाम झाला आहे असें सांगून त्यांस देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें होतें. त्यांचा छळ होतो असा आरोप 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. पुरावा म्हणून प्रसिद्ध केलेलीं पत्रें बनावट ठरलीं. आणि टिळक व आगरकर यांस १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. 'विकारविलसित' या तुरुंगवासांतलें, असें सांगण्यांत येतें. महाराज पुढें १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरच्या किल्ल्यांत पहाऱ्यांतच वारले. त्यांच्या हातून कांहीं गुन्हा घडलेला नव्हता, हा फरक मोठा आहे. तरीही मन बिघडलें हें कोणी ठरविलें, सुधारलें कीं नाहीं हें कोण पाहणार, आणि तें कारणांसह कागदावर कोण मांडणार, हे प्रश्न तेथेंही तेच होते. खरे कागद पाहावयास मिळत नाहींत तेथें खोट्या कागदांवर विश्वास बसतो. दोन थोर पुरुषांच्या त्या फसगतीचें निम्में कारण मला यांतच दिसतें.

आतां आपल्या रंगभूमीकडे वळूं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेलें गडकऱ्यांचें 'एकच प्याला' घ्या. दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून पोटचें मूल मरतें आणि सिंधू घायाळ होते. सिंधू पोलिसांस खोटें सांगून नवऱ्यास वांचविते. तो विषाचा पेला घेऊन स्वतःचा शेवट करून घेतो. आपल्या खुषीनें घेतलेली दारू आणि मनाची व्याधि यांत कायदा स्पष्ट भेद करतो. दारूनें बुद्धि गेली म्हणून माफी नाहीं; ती नकळत वा जबरीनें पाजलेली असली तरच विचार होतो. तेव्हां सुधाकराची गणना आपल्या विषयांत होत नाहीं. पण नाटककारानें त्यास बाहेर पडण्यासाठीं ज्या वाटा ठेवल्या त्या पाहण्याजोग्या आहेत. एक वाट घराची: घरच्यांनीं सारें पोटांत घालावयाचें, कोतवालास कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं. दुसरी मरणाची. शुद्धि हरपलेल्या माणसाच्या हातून भयंकर कृत्य घडलें, तो मेला नाहीं, सुटला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गल्लींत सकाळ उजाडली, असें नाटक मराठींत माझ्या तरी वाचनांत नाहीं. मृत्यु हा नाटककारास फार सोयीचा न्यायाधीश असतो. त्याच्या निकालावर अपील नाहीं आणि त्याला कारणेंही द्यावीं लागत नाहींत.

जगांत मात्र माणसें वांचतात. १८४३ सालीं मॅक्नॉटन नांवाच्या माणसानें इंग्लंडचा मुख्य प्रधान पील याचा चिटणीस ड्रमंड यास गोळी घातली. आपल्या मागें शत्रु लागले आहेत या भ्रमानें तो ग्रासला होता. ज्यूरीनें त्यास वेडाच्या कारणानें निर्दोष ठरविलें, लोक खवळले, हाउस ऑफ लॉर्ड्सनें न्यायाधीशांस प्रश्न विचारले, आणि त्यांच्या उत्तरांतून जो नियम निघाला तो त्या माणसाच्या नांवानें आजतागायत शिकविला जातो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत आणि आतां भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमांत तत्त्व तेंच आहे: कृत्याच्या वेळीं मनाच्या विकृतीमुळें ज्यास आपल्या कृत्याचें स्वरूप कळत नव्हतें, अथवा तें वाईट वा कायद्याविरुद्ध आहे हें कळत नव्हतें, त्याचें कृत्य गुन्हा नव्हे. कायद्याच्या विद्यार्थ्यास हा नियम तोंडपाठ असतो. पण तो मॅक्नॉटन निर्दोष ठरल्यावर आणखी बावीस वर्षें जगला, तीं सर्व वर्षें प्रथम बेथलेम व मग ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या रुग्णालयांत गेलीं, आणि १८६५ सालीं तो तेथेंच मेला, हें कितीकांस ठाऊक असतें? नियम जगप्रसिद्ध झाला. त्याखालचा माणूस पडद्याआड गेला.

आपल्या महाराष्ट्रांतला एक खटला या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे. १९९४ च्या एप्रिलांत एका पोलीस शिपायानें कपडे धूत असलेल्या आपल्या बायकोच्या डोक्यांत दगड घालून तिचा प्राण घेतला. खालच्या कोर्टानें त्यास दोषी ठरविलें, उच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला, आणि २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास ८४ व्या कलमाचा फायदा देऊन निर्दोष ठरविलें. निकालपत्र म्हणून या लेखाची बांधणी चांगली आहे. बापास मानसिक आजार होता. शिपायावर १९९२ पासून उपचार चालू होते व संशयग्रस्त स्वरूपाच्या स्किझोफ्रेनियाचें निदान झालेलें होतें. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या अवधींत त्यास पंचवीस वेळां उपचारासाठीं न्यावें लागलें. नोकरी सोडण्यास बायकोचा विरोध, एवढेंच काय तें खुनाचें कारण, आणि तें दुबळें. कृत्य दिवसाढवळ्या झालें व पळण्याचा किंवा लपण्याचा प्रयत्न झाला नाहीं. एकेक धागा घेऊन न्यायालयानें दोर वळला आहे. आरोपीनें आपलें वेड संशयातीत सिद्ध करावें असा आग्रह धरलेला नाहीं. दिवाणी दाव्याप्रमाणें संभव कोणीकडे झुकतो एवढें दाखविलें म्हणजे पुरें, हें १९६४ पासून ठरलेलें तत्त्व पाळलें आहे. भाषा शांत आहे, दयेचें प्रदर्शन कोठें नाहीं.

पण निकालपत्राचें सारें बळ एका दिवसावर खर्च झालें आहे, आणि तें तसेंच व्हावयास हवें, कारण अपिलांतला प्रश्न त्या दिवसापुरताच होता: त्या क्षणीं त्यास कळत होतें कीं नव्हतें? वाचकाच्या मनांत मात्र उद्यांचा प्रश्न राहतो. आजार आठ वर्षांपूर्वीं होता, आज काय? औषध कोण देणार? मेलेल्या बाईच्या माहेरच्यांस ही बातमी कोणत्या शब्दांत कळली असेल? मागील दिवसाचा न्याय आणि पुढील दिवसांचा न्याय या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलींत आपलीं न्यायालयें मुरलेलीं आहेत. दुसरीचा ग्रंथ आपल्याकडे अजून नीट लिहिला गेलेला नाहीं, आणि माझ्या टीकेचा रोख त्याच्यावर आहे.

तो ग्रंथ म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यांतलें एक लहानसें प्रकरण. जुन्या संहितेंतून तें १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत जवळजवळ जसेंच्या तसें उतरलें आहे. त्याचा आरंभ उत्तम आहे. वेडाच्या कारणानें निर्दोष ठरवितांना, आरोपीनें तें कृत्य केलें कीं नाहीं हें न्यायालयानें स्पष्ट नमूद करावें, असें कलम ३७३ सांगतें. लोक "सुटला" म्हणतात. कायदा म्हणतो, कृत्य घडलें, यानेंच केलें, पण दोष नाहीं. मेलेल्याच्या आप्तांचा यांत मान राखलेला आहे. पुढें कलम ३७४ प्रमाणें न्यायालय त्यास सुरक्षित ताब्यांत ठेवण्याचा हुकूम देतें, अथवा आप्त वा मित्र अर्ज करून जामीन देईल तर त्याच्या स्वाधीन करतें. ताब्यांतला माणूस स्वतःस वा इतरांस अपाय न करतां सोडण्याजोगा आहे असा अधिकृत दाखला आला म्हणजे कलम ३७७ प्रमाणें राज्य सरकार त्यास सोडूं शकतें, ठेवूं शकतें किंवा रुग्णालयांत हलवूं शकतें. वाटल्यास एक न्यायाधिकारी व दोन वैद्यक अधिकारी यांचें कमिशन नेमूं शकतें.

येथें प्रत्येक वाक्य "शकतें" या शब्दावर येऊन थांबतें. अमुक महिन्यांनीं फेरविचार झालाच पाहिजे, असें या प्रकरणांत नाहीं. त्या माणसास अथवा ज्यांचें माणूस गेलें त्यांस बोलावून ऐकावें, अशी स्पष्ट तरतूद आढळत नाहीं. निर्णयाचीं कारणें लिहून त्यांच्या हातीं द्यावीं, असेंही नाहीं. निर्णय सरकारचा, आणि सरकार म्हणजे व्यवहारांत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाणारी फाइल. क्लॉडियसाचें कपट तेथें असतें असें मी मुळींच म्हणत नाहीं. बहुधा तेथें कोणाचाही कसलाच हेतु नसतो. पण पत्र मोहोरबंद तें मोहोरबंदच.

आणि नवल हें कीं, वडीलधाऱ्यांचें मंडळ आपल्या देशांत आतां अस्तित्वांत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळें स्थापण्याची योजना केली. जिल्हा न्यायाधीश, त्या पदास पात्र न्यायाधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष. जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधि. एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा एक वैद्य. आणि दोन जागा अशा व्यक्तींसाठीं कीं, ज्यांनीं हा आजार स्वतः भोगला आहे, किंवा ज्यांनीं आजाऱ्याची सेवा केली आहे, किंवा जे या क्षेत्रांतील संस्थांत काम करतात. लेअर्टीसानें मागितलेल्या मंडळापेक्षांही हें मंडळ शहाणें आहे, कारण त्यांत भोगणाराला जागा आहे. कोणाही साध्या रुग्णास त्याच्या इच्छेविरुद्ध तीस दिवसांपुढें रुग्णालयांत ठेवावयाचें तर या मंडळाची संमति लागते, आणि ती संमतिही मुदतीचीच असते. मुदत संपली कीं पुन्हा विचार. मग ज्याच्या हातून रक्त सांडलें आणि ज्यास न्यायालयानें निर्दोष म्हटलें, त्याच्या सुटकेचा शेवटचा शब्द अशा मंडळाकडे कां नसावा? त्याच कायद्याच्या कलम १०३ प्रमाणें रुग्णालयानें त्याच्या प्रकृतीचा खास अहवाल दर सहा महिन्यांनीं हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. अहवाल वर्षांतून दोनदां निघतो. त्यास उत्तर किती दिवसांत मिळावें हें मात्र तेथें लिहिलेलें नाहीं. ज्या निर्णयांत चूक झाली तर कोणाचा तरी जीव जावयाचा किंवा कोणाचें तरी आयुष्य कुजावयाचें, नेमक्या त्याच निर्णयास सर्वांत कमी शिस्त लावलेली आहे.

परदेशांत हें कसें चालतें तें पाहूं. कॅनडांतही पूर्वीं असा माणूस राजप्रतिनिधीची मर्जी असेपर्यंत कोंडलेला राही. १९९१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही बेमुदत कोंडणी घटनाबाह्य ठरविली आणि १९९२ पासून नवी व्यवस्था आली. "निर्दोष" हा शब्द बदलून "मानसिक व्याधीमुळें गुन्ह्यास जबाबदार नाहीं" असे शब्द आले, आणि प्रत्येक प्रांतांत किमान पांच सभासदांचें पुनर्विलोकन मंडळ बसलें. सर्वसाधारणपणें वर्षांतून एकदां प्रकरण मंडळापुढें येतें. निर्णय तीन प्रकारचे: पूर्ण सुटका, अटींवर सुटका, अथवा रुग्णालयांत ठेवणें. १९९९ सालीं न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, आजार आहे एवढ्यावरून धोका गृहीत धरतां येणार नाहीं. समाजाच्या सुरक्षिततेस मोठा धोका आहे असें पुराव्यानें दिसलें नाहीं तर पूर्ण सुटका दिलीच पाहिजे. मंडळ कारणें लिहितें, त्यावर अपील चालतें, आणि ज्यांचें नुकसान झालें त्यांस आपलें निवेदन देतां येतें. ही व्यवस्था निर्विवाद आहे असें नव्हे. कांहीं क्रूर घटनांनंतर लोकमत तापलें, आणि २०१४ च्या कायद्यानें अति-धोक्याच्या प्रकरणांत फेरविचार तीन वर्षांपर्यंत लांबविण्याची मुभा दिली. पण तेथला वाद छापील निर्णय पुढें ठेवून होतो. चूक कोठें झाली तें बोट ठेवून दाखवितां येतें. आपल्याकडे रागावणाराजवळही कागद नसतो आणि कळवळणाराजवळही नसतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. "मंडळें तत्त्वज्ञान सांगतील, पण रात्रीं शेजारीं निजावयाचें आहे तें आम्हांस. सरकारनें ठेवलें आहे कोंडून, तर राहूं द्या कीं!" ही भीति खोटी नाहीं. ज्या घरांतली लेक गेली, त्या घरास धोक्याच्या संभवाचें गणित सांगूं नये. पण बंद फाइलीनें कोणाचें रक्षण होतें? ती जशी बऱ्या झालेल्यास विसरते, तशीच न बऱ्या झालेल्यास एखाद्या दिवशीं चौकशीवांचून बाहेरही सोडूं शकते. दोन्ही चुकांचें मूळ एक. पहिल्या प्रकारची चूक किती लांबते याचें उदाहरण आसामांत घडलें. १९५१ सालीं मारहाणीच्या आरोपावरून पकडलेला एक खेडूत वेडा ठरून तेजपूरच्या मनोरुग्णालयांत गेला. १९६७ सालीं डॉक्टरांनीं तो बरा असल्याचें कळविलें, पण तो घरीं न जातां तुरुंगांत गेला. त्याचा खटला चाललाच नाहीं, आणि २००५ सालीं एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला तेव्हां चोपन्न वर्षें झालीं होतीं. ही कोणाची दुष्टाई नव्हती. फेरविचाराची तारीख कोणाच्याच दप्तरीं नव्हती, एवढेंच.

आतां पुन्हा जिंतूर. हा भाग निजामी राज्यांत होता. भारतीय दंडसंहिता येथें १९५१ सालीं लागू झाली. हैदराबाद संस्थानाचें मनोरुग्णालय जालन्यास होतें, म्हणजे जिंतूरकरांच्या हाकेच्या अंतरावरच म्हणावयाचें. तें १९५३ सालीं हैदराबादेस हललें. पुढें १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. रुग्णालय तिकडेच राहिलें. महाराष्ट्राचीं चार जुनीं मनोरुग्णालयें पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें आहेत. मराठवाड्यांत त्यांतलें एकही नाहीं. येथल्या कुटुंबानें आपला माणूस भेटावयास जावयाचें म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी बुडवावयाची. "आप्तांच्या स्वाधीन करावा" हे कायद्याचे चार शब्द या अंतरावर ठेवून वाचले पाहिजेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं मीं वकीलसाहेबांस हें सारें बोलून दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "तुम्ही लिहिणारे लोक मंडळ मंडळ म्हणतां, मंडळानें कागदावर काय लिहावें तेंही सांगा. जामीन म्हणून शेतकरी सातबारा घेऊन येतो. आप्तानें त्याची नीट काळजी घ्यावी, अपाय होऊं देऊं नये, सांगितल्या वेळीं तपासणीस हजर करावा, असें लिहून घेतात. पण गोळ्या संपल्या तर तालुक्याच्या गांवीं कोठें मिळतील, आणि रात्रीं जागणार कोण, म्हातारी आई कीं धाकटा भाऊ, हें त्या सातबाऱ्यावर लिहिलेलें नसतें."

वकीलसाहेबांच्या या बोलण्यांत निर्णय-लेखनाची सारी कसोटी आली. चांगला निर्णय हा एक प्रकारचें चरित्रलेखन आहे. त्यानें निदानाचें लांब नांव लिहून थांबूं नये. गेल्या सहा महिन्यांत हा माणूस कसा वागला, औषध स्वतःहून घेतो कीं घ्यावें लागतें, आपल्या हातून काय घडलें याची त्यास आतां कितपत जाणीव आहे, हें साध्या वाक्यांत सांगावें. घरीं पाठवावयाचें तर त्या घराचें वर्णन करावें. मेलेल्याचीं माणसें त्याच गल्लींत राहतात कीं दुसऱ्या गांवीं, त्यांचें म्हणणें काय, तें लिहावें, आणि तें मान्य केलें नसेल तर कां नाहीं तेंही लिहावें. ठेवावयाचें ठरलें तर पुन्हा केव्हां विचार होईल ती तारीख द्यावी. आणि तो लेख त्या माणसास, त्याच्या आईस व गेलेल्या व्यक्तीच्या आप्तांस वाचतां येईल अशा मराठींत असावा. आजाराच्या गोष्टी खाजगी असतात. त्या चव्हाट्यावर आणाव्या असें माझें म्हणणें नाहीं. मंडळाचें काम बंद दाराआड चालावें हें योग्यच; पण दार बंद असणें आणि कारणें बंद असणें यांत अंतर आहे. नांवें झांकून कारणें प्रसिद्ध करतां येतात.

साहित्याच्या मासिकांत हा विषय कां, असें कोणी विचारील. भाषा कशासाठीं वापरली जाते याची चौकशी करणें हें टीकेचें काम आहे, असें मी समजतों. कथाकादंबऱ्यांची आपण इतकी चिकित्सा करतों. मग ज्या दहा-वीस ओळींवर एखाद्या माणसाचीं उरलेलीं वर्षें आणि एका शेजाराची झोंप अवलंबून असते, त्या ओळींस टीकाकार नसावा काय? आणि आपल्या नाटककारांसही एक विनंति आहे. वेडाच्या भरांत रक्त सांडलेला माणूस एकदां तरी पांचव्या अंकाच्या शेवटीं जिवंत ठेवावा, समोर लेअर्टीसही जिवंत ठेवावा, आणि ते वडीलधारे रंगभूमीवर आणून बसवावेत.